लॅपटॉपमधली चौथी सीट

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

गेल्या वर्षी माझा एक ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. दुसऱ्याच प्रश्नाला माझा आवाज तुटायला लागला, पाचव्याला मी गायब! शेजारच्या फोनवर मात्र वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. मी राउटरला मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर कळलं की आदल्या आठवड्यात लॅपटॉपची बिजागरी बदलली, तेव्हा अँटेनाची वायर चिमटली होती. नोकरी गेली ती गेलीच, पण मला पहिल्यांदा प्रश्न पडला : लॅपटॉपचा अँटेना असतो तरी कुठे?

बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो झाकणात असतो, स्क्रीनच्या वरच्या कडेला. सहसा दोन अँटेना, एकमेकांपासून लांब. त्यांच्या बारीक वायरी बिजागरीतून खाली वायफाय कार्डापर्यंत जातात. जागा हुशारीने निवडलेली आहे. झाकण उघडलं की अँटेना टेबलापासून आणि आपल्या हातांपासून वर जातो.

पण तिथे जागा किती? मुंबई लोकलमधली चौथी सीट आठवा. तिघं ऐसपैस बसतात आणि चौथा नुसता टेकतो. स्क्रीन, कॅमेरा, माइक सगळे बसून झाले की अँटेनाला काही मिलिमीटरची पट्टी मिळते. स्क्रीनभोवतीची कड बारीक झाली की आपण खूश होतो, आणि हा बिचारा आणखी अंग चोरतो.

आता जरा गणित. घाबरू नका, सोपं आहे. असा अँटेना साधारण लहरीच्या लांबीच्या पाव हिस्सा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अँटेना तीनेक सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झला दीड पुरतो. पण लॅपटॉप सिमवाला असेल, तर? जिओ ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही वापरतं. तिथे लहर ४३ सेंटिमीटरची, पाव म्हणजे जवळपास ११!

बरं, तंबोऱ्याच्या तारेसारखा एकच सूर लावून भागत नाही. नव्या वायफायला ५.१५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ असा मोठा पट्टा सांभाळावा लागतो. यालाच वाइडबँड म्हणायचं.

मग डिझायनर काय करतात? धातूची पट्टी दुमडतात. आडव्या पडलेल्या इंग्रजी एफसारखी दिसते, म्हणून नाव इन्व्हर्टेड-एफ. तिला दोन हात देतात : लांब हात खालच्या फ्रिक्वेन्सीला, आखूड वरच्या. पेटीत प्रत्येक सुराची रीड वेगळी असते ना, तसं. कधी शेजारी तिसरी पट्टी ठेवतात, जिला वायर जोडलेलीच नसते. ती जवळच्या पट्टीमुळेच थरथरते आणि आपला सूर मिसळते. असे शेजारशेजारचे सूर जुळले की रुंद पट्टा तयार होतो. तैवानमध्ये काओशुंगच्या सन यात-सेन विद्यापीठातले प्राध्यापक किन-लू वाँग यांचं या विषयावर बरंच काम आहे.

पण फुकट काही मिळत नाही. १९४८ मध्ये लान जेन चू यांनी गणिताने दाखवलं की छोट्या अँटेनाला मर्यादा असते. लहान आकार, रुंद पट्टा आणि चांगली कार्यक्षमता, तिन्ही एकदम मागू नका. दोन घ्या, तिसऱ्यावर पाणी सोडा.

आणि इथेच फसगत होते. अँटेना तपासताना पहिला ग्राफ बघतात तो असा : पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली? कमी आली तर छान. पण अँटेनाच्या जागी ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावला, तरी ग्राफ अप्रतिम दिसतो! परत काहीच येत नाही, कारण सगळं आतच गरम होऊन संपतं. हवेत जातं जवळपास शून्य. म्हणून खरी परीक्षा त्या खोलीत होते, जिच्या भिंती लहरी शोषून घेतात. तिथे मोजतात, बाहेर नेमकं किती पडलं.

धातूची बॉडी हे आणखी एक दुखणं. ॲपलचा १९९९ चा आयबुक प्लास्टिकचा होता, त्याला वायफाय छान मिळायचं. २००१ मधला टायटेनियमचा पॉवरबुक दिसायला देखणा, पण वायफायच्या रेंजमध्ये मागे पडला. धातू लहरींना अडवतो. म्हणून आजच्या धातूच्या लॅपटॉपवर कुठेतरी, बिजागरीपाशी किंवा कडेला, प्लास्टिकची पट्टी दिसते. ती शोभेची नाही, अँटेनाची खिडकी आहे. तिच्यावर धातूचं स्टिकर चिकटवू नका!

आणि एक काम कराच. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तर दुकानातच वायफाय तपासा. राउटरपासून लांब उभं राहून फोनशी तुलना करा. लॅपटॉप खूपच मागे पडला, तर वायर उघडून बघायला सांगा. पाच मिनिटं लागतात.

माझा पुढचा इंटरव्ह्यू? तो मी फोनवरून दिला. झालं सिलेक्शन!

नवा लॅपटॉप घेणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, बाय!