साथीदाराची खुर्ची

मैफलींत ऐकणाराचें लक्ष गाणाराच्या मुखाकडे असतें. मागें बसलेल्या साथीदाराकडे क्वचितच कोणाची दृष्टि जाते. परंतु इजिप्तची राजधानी कैरो येथील एका रंगमंचावर वर्षानुवर्षें असा एक साथीदार बसत असे कीं, पुढें उभ्या असलेल्या जगद्विख्यात गायिकेला तिच्या आरंभीच्या कीर्तीचा मोठा वांटा त्याच्याच चालींनीं मिळवून दिला होता. त्यांचें नांव मुहम्मद अल-कसबगी.

कसबगी ह्यांचा जन्म १८९२ सालीं कैरो येथें झाला. वडील कुराणपठण करणारे व संगीत जाणणारे असल्यामुळें घरांत स्वरांचे संस्कार होतेच. मुलानें शिक्षकाच्या पेशाचें शिक्षण घेऊन कांहीं काळ अध्यापनहि केलें. पण मन ओढ घेई तें उद ह्या वाद्याकडे. उदाचें पोट फुगीर, मान आंखूड, आणि आपल्या सरोदाप्रमाणें त्याला पडदे नसतात. अरबी संगीतांत पूर्ण व अर्ध्या स्वरांच्या मधले कांहीं सूक्ष्म स्वर येतात. ते सर्वस्वीं वादकाच्या कानावर व बोटावर अवलंबून असतात. ह्या विद्येंत कसबगी इतके निष्णात झाले कीं, पुढें नामांकित झालेले मुहम्मद अब्दुल वहाब व फरीद अल-अत्रश हे दोघेहि त्यांच्याजवळ उद शिकले.

त्याच सुमारास नाईल नदीच्या मुखाजवळील एका खेड्यांतून उम्म कुल्सुम नांवाची तरुणी कैरोस आली. ती मशिदींतील इमामाची कन्या. लहानपणीं मुलाचा वेष घालून ती वडिलांबरोबर भक्तिगीतें गाई, आणि तिच्या साथीस घरचींच माणसें असत. १९२६ च्या सुमारास ही घरगुती साथ सुटली व तिच्यामागें वाद्यांचा मेळ बसला. त्यांत स्वरमंडळासारखें कानून होतें, व्हायोलिन होतें आणि कसबगींचा उद होता.

१९२८ सालीं कसबगींनीं अहमद रामी ह्या कवीच्या 'इन कुन्त असामेह' ह्या गीतास चाल दिली. तोंवर गाण्यांत धृपद पुनःपुन्हां येई. येथें तसें कांहीं नव्हतें. नाटकांतील स्वगत भाषणाप्रमाणें गाणें आरंभापासून शेवटपर्यंत पुढेंच जात राही, आणि शब्दांतील भाव पालटे तसा सूरहि पालटे. ह्या ध्वनिमुद्रिकेचा अमाप खप झाला, व त्या धाटणीला पुष्कळ अनुकरण करणारे लाभले.

कसबगींची जिज्ञासा तेथें थांबली नाहीं. युरोपीय संगीत ते आवडीनें ऐकत, आणि सेलो व डबल बेस हीं वाद्यें अरबी वाद्यमेळांत आणण्याचें श्रेय त्यांना दिलें जातें. फरीद ह्यांची भगिनी अस्महान हिच्यासाठींहि त्यांनीं चाली रचिल्या. तिचा कंठ युरोपीय वळणें सहज घेई. परंतु १९४४ सालीं मोटारीच्या अपघातांत ती तरुण वयांतच गेली.

इकडे लोकांची रुचि पालटत होती. १९४२ च्या 'आयदा' ह्या चित्रपटांत युरोपीय संगीतनाटकाच्या धर्तीवर रचिलेला भाग प्रेक्षकांना रुचला नाहीं. झकरिया अहमद ह्यांच्या देशी वळणाच्या आणि रियाद अल-सुन्बाती ह्यांच्या भारदस्त चाली लोकांना अधिक जवळच्या वाटूं लागल्या. 'रक्क इल-हबीब' हें कसबगींचें गीत अतिशय गाजलें खरें. तथापि १९४७ च्या 'फातमा' ह्या चित्रपटानंतर उम्म कुल्सुमनें त्यांची एकहि नवी चाल घेतली नाहीं. ह्याच्या कारणांविषयीं नाना तर्क केले जातात.

दुसरा कोणी असता तर रागानें निघून गेला असता. कसबगी गेले नाहींत. महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं उम्म कुल्सुमची मैफल आकाशवाणीवरून प्रक्षेपित होई आणि सारें अरब जग कान देऊन बसे. त्या मैफलींत ते आपला उद घेऊन खुर्चीवर बसत व दुसऱ्यांच्या चाली वाजवीत. १९६४ सालीं 'इन्त ओमरी' हें गीत प्रथम गायिलें गेलें. चाल होती त्यांचे शिष्य अब्दुल वहाब ह्यांची, आणि विजेवर चालणारी गिटारहि मेळांत आली होती. सत्तरी ओलांडलेले गुरु शिष्याच्या चालीची साथ करीत होते.

ही मानहानि म्हणावी, कीं निष्ठा? बहुधा दोन्हीहि त्यांत असतील. चाल नाकारली गेल्याचें शल्य मोठें असतें. परंतु स्वतःची चाल नाहीं म्हणून उदाची तार ढिली सोडावी, हें त्या हातांना ठाऊक नव्हतें. ज्या आवाजाला वळण लावण्यांत उभें तारुण्य खर्ची पडलें, त्याच्याजवळ बसावयास मिळणें हेंहि त्यांना कमी वाटलें नसावें.

मार्च १९६६ मध्यें कसबगी निवर्तले. त्यानंतरहि उम्म कुल्सुमच्या वाद्यमेळांत त्यांची खुर्ची रिकामी ठेविली जात असे, असें सांगतात. ३ फेब्रुवारी १९७५ रोजीं ती स्वतः वारली, तेव्हां कैरोच्या रस्त्यांवर अलोट जनसमुदाय लोटला. तिच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रिका आजहि ऐकावयास मिळतात. ऐकतांना क्षणभर गायिकेचा स्वर बाजूस ठेवून, मागच्या उदाचा झंकार कानांनीं शोधून पाहावा.