खाणीतील लहान होइस्ट आणि त्याची फिरती बैठक

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, संघटन, विवाहातील खर्च ह्या विषयांवर भाषणे होतात, आणि ती व्हावयासच पाहिजेत. परंतु ज्या समाजाची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या ऐरणीने व रंध्याने मिळविली, त्याच्या मेळाव्यात वर्षातून एकदा तरी एखाद्या यंत्रासंबंधी चार शब्द बोलले जावेत अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. चिटणीस महाशयांनी ती मान्य केली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमची नोकरी तुमसर तालुक्यात झाली. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी त्या भागातल्याच. आमच्या हाताखाली गणित शिकलेली कित्येक मुले पुढे खाणीत उतरली, आणि सुटीच्या दिवशी घरी येऊन आम्हांस तेथील कामाच्या गोष्टी सांगत गेली. त्या ऐकता ऐकता एका लहानशा वस्तूकडे आमचे लक्ष वेधले. ती वस्तू म्हणजे खाणीतील लहान होइस्ट ज्यावर बसते ती फिरती बैठक.

होइस्ट म्हणजे दोर गुंडाळून ओझे ओढणारे किंवा उचलणारे यंत्र. आपल्या जुन्या विहिरीवरचा रहाट हा त्याचाच पूर्वज. खाणीच्या तोंडावर उंच लोखंडी मनोऱ्याखाली जे प्रचंड यंत्र माणसे व खनिज वरखाली नेते, ते सर्वांच्या दृष्टीस पडते, पाहुणे आले की त्यांस दाखविलेही जाते. परंतु जमिनीच्या पोटात, जेथे प्रत्यक्ष खणती चालते, तेथे त्याचे धाकटे भाऊ राबत असतात. उभ्या चढाच्या भुयारात लाकडी खांब, पाइप व छिद्र पाडण्याचे यंत्र वर चढविणे, गाडी ओढणे, रुळावरून घसरलेला डबा सरळ करणे, फोडलेले खनिज खरवडून उतरंडीपर्यंत आणणे, अशी शेकडो कामे हे लहान होइस्ट करतात. कोणी त्यास टगर म्हणतात, कोणी नुसते विंच म्हणतात. दोन-चार माणसांनी मिळून हलवावे एवढाच त्याचा आकार.

ह्या यंत्राचा वंश मोठा आहे. अग्रिकोला नावाच्या जर्मन वैद्याने खाणींवर लिहिलेला लॅटिन ग्रंथ १५५६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, बाझेल येथे छापला गेला. हा गृहस्थ योआखिमस्थाल ह्या खाणकामगारांच्या गावी वैद्यकी करीत असे. ग्रंथाच्या सहाव्या भागात हाताने फिरवावयाचे रहाट, घोड्यांनी फिरणारे रहाट, पाण्याच्या चाकावर चालणारे रहाट, ह्या सर्वांची चित्रे लाकडी ठशांनी छापलेली आहेत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी यांनी १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ती चित्रे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तेथे प्रत्येक रहाट खाणीच्या तोंडाशी भक्कम तुळयांवर कायमचा रोवलेला आहे. काम यंत्राकडे येते, यंत्र कामाकडे जात नाही.

ते यंत्र कामाकडे जाऊ लागले ह्यास दोन कारणे घडली. पहिले पोलादी दोराचे. पूर्वी अंबाडीसारख्या तागाचे जाड दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. दोर कुजे, आणि साखळीची एक कडी दगा दे तर सारे ओझे कोसळे. हार्ट्झ डोंगरातील क्लाउस्थाल येथे विल्हेल्म आल्बेर्ट यांनी १८३४ साली लोखंडी तारा पिळून दोर केला व तो खाणीत वापरून दाखविला. एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, आणि तुटलेली तार डोळ्यांस दिसते, हा त्याचा मोठा गुण. बारीक दोर मोठे ओझे पेलू लागल्यामुळे ड्रमही लहान झाला. दुसरे कारण दाबलेल्या हवेचे. आल्प्समधील मों सेनीचा बोगदा खोदताना १८६१ पासून हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली गेली. पुढे खाणीत छिद्रयंत्रासाठी हवेचा पाइप कामाच्या तोंडापर्यंत जाऊ लागला, आणि त्याच हवेवर लहान होइस्टही चालू शकला. हवेच्या यंत्रास अधिक ओझे झाले तर ते नुसते थांबते, जळून जात नाही, आणि बाहेर पडलेली हवा कोंदट जागी उपयोगीच पडते.

यंत्र असे फिरते झाले. परंतु त्यास बसवावयाचे कोठे व कसे, हा प्रश्न त्याबरोबर आला. आज ओढ समोरून आहे, उद्या डावीकडून, परवा वरून. दर वेळी खडकात नवी भोके पाडून बोल्ट रोवणे म्हणजे दिवस मोडणे होय. म्हणून कारागिरांनी युक्ती काढली ती आपल्या घरच्या जात्याची. जात्याचा खालचा दगड स्थिर, मध्ये खुंटा, आणि वरचा दगड खुंट्याभोवती फिरणारा. ह्या बैठकीतही खालची जाड पोलादी तबकडी खडकात किंवा खांबास घट्ट बांधलेली असते, मध्ये एक मजबूत खीळ असते, आणि वरच्या तबकडीवर होइस्ट बसलेला असतो. वरची तबकडी हव्या त्या दिशेस फिरवावयाची आणि कडेचे बोल्ट आवळून तेथे पक्की करावयाची. फरक एवढाच की जाते फिरत असताना काम करते आणि ही बैठक फिरून थांबल्यावर काम करते. काही बैठकींत पुढे-मागे कल देण्याचीही सोय असते. त्यामुळे दोर चढावर किंवा उतारावर जात असला तरी ड्रम त्यास सरळ सामोरा ठेवता येतो.

दिशा सरळ असण्याचे एवढे महत्त्व कशास, असे कोणी विचारील. ज्यांनी मोट हाकली आहे त्यांस हे सांगावे लागत नाही. बैलांची धाव चाकाच्या नेमकी समोर असते. ती वाकडी केली तर नाडा चाकाच्या कडेवर घासतो, झिजतो आणि एके दिवशी तुटतो. येथेही तोच न्याय आहे. दोर ड्रमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळला जात असता समोरच्या कप्पीशी त्याचा थोडा कोन होणारच. सपाट ड्रमासाठी हा कोन दीड अंशाहून व खाचांच्या ड्रमासाठी दोन अंशांहून अधिक नसावा, असा जाणत्या अभियंत्यांचा सर्वसाधारण दंडक आहे.

शाळेतील मुलांस आम्ही हे गणित असे घालीत असू. ड्रमची रुंदी ३० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १५. कप्पी ६ मीटर दूर व ड्रमच्या बरोबर समोर. १५ भागिले ६०० म्हणजे चाळीसावा हिस्सा, आणि कोष्टकात पाहिले तर कोन सुमारे १.४ अंश. ठीक झाले. आता कामाची जागा बदलली व कप्पी दीड मीटर बाजूस सरकली. दीड भागिले सहा म्हणजे चतुर्थांश, आणि कोन झाला १४ अंश! एवढ्या कोनात दोर ड्रमवर ओळीने बसत नाही, एका बाजूस ढीग करतो, मग अकस्मात घसरून धक्का देतो किंवा कडेवरून उडी मारून बाहेर पडतो. बैठक फिरती असेल तर होइस्ट १४ अंश फिरवून बोल्ट आवळले की काम पुन्हा ठीक. पाच मिनिटांच्या श्रमाने टळणारी ही आपत्ती आहे.

कोणी म्हणेल, मध्ये आणखी एक कप्पी लावून दोर वळवावा, बैठक कशास हवी? कप्पी फुकट काम करीत नाही. दोरावर ५०० किलोचे ओझे आहे असे धरू. दोर काटकोनात वळविला तर कप्पी अडकविलेल्या आकड्यावर सुमारे ७०० किलोचा भार येतो, आणि दोर उलट फिरून समांतर आला तर पुऱ्या १००० किलोचा. छतात रोवलेला एखादा आकडा ५०० किलोस पुरेल म्हणून ठेवावा आणि तो हजारास उपटून यावा, ह्यात नवल ते काय? वाढीव कप्पी म्हणजे वाढीव घर्षण, वाढीव भार आणि वाढीव भीती. होइस्टचे तोंडच फिरविले तर अशा कप्प्या कमी लागतात.

बैठक फिरती झाली म्हणून तिचा पाया सैल असून चालत नाही. उलट तो अधिक भक्कम लागतो, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोर होइस्टला पुढे ओढतो तेव्हा यंत्र पुढे कलंडू पाहते व मागचे बोल्ट उपटले जाऊ पाहतात. दोर पायापासून ४० सेंटिमीटर उंचीवर असेल व पुढच्या-मागच्या बोल्टांत ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर यंत्राचे वजन वगळता मागच्या बोल्टांवर जवळजवळ ओढीएवढाच उपटणारा जोर येतो. अचल बैठकीत मागचे बोल्ट नेहमी तेच. फिरत्या बैठकीत मात्र आज जो पुढचा तोच उद्या मागचा. म्हणून सर्व बोल्ट सारखेच खोल, सारखेच घट्ट व सारखेच तपासलेले हवेत. ऐरण हलली की घाव वाया जातो, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस सांगितलेच आहे. येथे घावाबरोबर माणूसही वाया जाऊ शकतो.

जेथे खडकात बोल्ट रोवता येत नाहीत तेथे जमीन व छत यांच्यामध्ये लोखंडी खांब स्क्रूने दाबून बसवितात, वर लाकडाची पाचर देतात, आणि त्या खांबास पकडीने होइस्टची बैठक आवळतात. पकड सैल केली की यंत्र खांबाभोवती फिरते व वरखालीही सरकते. २.४ मीटर उंचीच्या खांबावर होइस्ट ६० सेंटिमीटर उंचीवर बांधला व ओढ ५०० किलोची असली, तर खालच्या टोकास ३७५ व वरच्या टोकास १२५ किलोचा आडवा जोर सोसावा लागतो. तोच होइस्ट वर चढविला तर छताकडील जोर वाढत जातो. छत कच्चे असेल तर यंत्र खाली ठेवावे, हा नियम ह्या साध्या तरफेच्या गणितातून निघतो.

आता ह्या सर्वांत माणसाचा प्रश्न कोठे येतो ते सांगतो. आमचा एक विद्यार्थी एका खाणीत ह्याच कामावर होता. तेथे बैठक नव्हती. होइस्ट एका लाकडी खांबास तारेने बांधलेला असे. दोर ड्रमवर तिरका चढू लागला म्हणजे तो हाताने रेटून ओळीस लावावयाचा, अशी तेथील वहिवाट. एके दिवशी दोराने हातमोजा पकडला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. अक्षर सुरेख असलेला मुलगा होता तो. नंतर डाव्या हाताने सही शिकला. त्यास कोणी निष्काळजी म्हटले, कोणी दैव म्हटले. आम्ही म्हणतो, ते दैव नव्हते. एक तबकडी, एक खीळ व चार बोल्ट यांचा तो अभाव होता. मोठ्या यंत्राची तपासणी होते, त्याची वही ठेवली जाते, त्यासाठी परवानाधारक चालक असतो. लहान यंत्रास लहान म्हणून जो तो हाताळतो, आणि म्हणूनच ते घात करते.

ह्या व्यवसायातील तरुणांनी काही गोष्टी मनावर कोराव्यात. दोरावर ओझे असताना बैठकीचा एकही बोल्ट सैल करू नये. आधी ओझे उतरावे, मग तोंड फिरवावे. दोर पूर्ण सोडला असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहावेत. दोर हाताने कधीही ओळीस लावू नये. दोर कप्पीवरून वळला असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूस उभे राहू नये, कारण कप्पी सुटली तर दोर तिकडेच झेप घेतो. चालक व पलीकडचा गडी यांच्यातील इशारे आधी ठरलेले असावेत. आणि माल उचलण्याच्या होइस्टवर माणसाने कधीही बसू नये. माणूस उचलावयाचा तर त्याची सारी तजवीज निराळी लागते. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरून कामगार अडकले, तेव्हा वरून रुंद भोक पाडून पोलादी पिंजरा खाली सोडला गेला. अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्यात बसून खाली उतरले आणि ६५ जण एकेक करून वर आले. माणसाच्या जिवाची जोखीम दोरावर टाकावयाची ती अशा विचाराने व तयारीने.

खाणी बंदही होतात. तीन हजार मीटरहून खोल गेलेली कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली. परंतु दोर, कप्पी व बैठक यांचे ज्ञान खाणीबरोबर बंद होत नाही. बोगद्यांत, धरणांवर, बंदरांत, इमारतींच्या बांधकामावर ते तसेच उपयोगी पडते. आपल्या समाजातील जे तरुण लहान कारखाने चालवितात, त्यांस आमची विनंती आहे की त्यांनी अशा बैठका करण्याचे काम हाती घ्यावे, पण अंदाजाने नव्हे, हिशेबाने. बोल्टाची जाडी, तबकडीची जाडी व खिळीचे पोलाद हे जाणत्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावे व भार देऊन पाहिल्याखेरीज माल कारखान्याबाहेर जाऊ देऊ नये. समाजाच्या शिष्यवृत्त्यांपैकी काही औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात, अशीही सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. आणि जे शिक्षक येथे बसले आहेत त्यांनी कोनांची कोष्टके शिकविताना एकदा तरी ड्रमचे व कप्पीचे गणित फळ्यावर मांडावे. वर्गातील एखादा तरी मुलगा पुढे त्या दोराशी उभा राहणार आहे. कोन मोजावयास तो शिकला असेल तर त्याची दहाही बोटे घरी परत येतील.