सिंहलद्वीप ते श्रीलंका : नावांमागचा देश



वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही 'रेडिओ सिलोन' ऐकले, शाळेत 'श्रीलंका' शिकलो आणि धम्मग्रंथांत 'ताम्रपर्णी' व 'सिंहलद्वीप' वाचले. हे निरनिराळे देश असावेत, असे आम्हांला बरीच वर्षे वाटत होते. बँकेत खातेदाराचे नाव बदलले तरी खाते तेच राहते. या बेटाचेही तसेच आहे.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांत या बेटाचा उल्लेख 'तंबपंणी' असा येतो. ग्रीकांनी त्याला 'ताप्रोबेन' म्हटले, अरबांनी 'सरनदीब'. १५०५ साली पोर्तुगीज आले. त्यांनी दिलेल्या नावावरून पुढे इंग्रजांचे 'सिलोन' झाले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी 'सिलोन' हे नाव २२ मे १९७२ पर्यंत टिकले. त्या दिवशी प्रजासत्ताक 'श्रीलंका' जन्माला आले.

आता नकाशा पाहू. क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक. मध्यभागी उंच डोंगर असून पिदुरुतलागल हे सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर आहे. नैर्ऋत्य भागात भरपूर पाऊस. उत्तर व पूर्व भाग कोरडा. म्हणून अनुराधपूर आणि पोलोन्नरुव येथील राजांनी मोठमोठे तलाव बांधले. ही गोष्ट स्थळनामेही सांगतात. सिंहली भाषेत 'वेव' म्हणजे तलाव, तमिळमध्ये 'कुळम'. सिंहली 'गम' म्हणजे आपले गाव. तेथे 'गंगा' म्हणजे कोणतीही नदी. सर्वांत लांब नदी महावेली गंगा. ज्या शहराला जग 'कँडी' म्हणते, त्याला तेथील सिंहली लोक 'महनुवर', म्हणजे मोठे नगर, म्हणतात. 'कँडी' हे डोंगर या अर्थाच्या 'कंद' शब्दावरून परकीयांनी केलेले रूप आहे.

मित्रहो, नाव ही किरकोळ बाब नाही. 'सिंहलद्वीप' या नावात एकाच समाजाची ओळख आहे. पण तेथील तमिळ बांधव त्याच बेटाला 'इलंगै' म्हणत आले आहेत. १९५६ च्या कायद्याने एकट्या सिंहलीला राजभाषा केले, तेव्हा तमिळ भाषकांना आपण परके ठरलो असे वाटले. तमिळलाही राजभाषेचा दर्जा १९८७ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, पण तोवर युद्ध पेटले होते. १९८३ ते २००९ या काळात हजारो माणसे मेली. युद्धाची कारणे अनेक होती; भाषेचा अपमान हे त्यांतील एक.

१४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार पाहण्यासाठी ज्या समाजाने सोळा वर्षे लढा दिला, त्याला नावाची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणूनच दुसऱ्याच्या नावाचा मान राखणे हेही आपले कर्तव्य ठरते. ज्या बेटाने धम्म जतन केला, त्याच्याविषयी बोलताना अनुराधपूरबरोबर जाफनाही आठवावे. विद्यार्थ्यांनी आज घरी जाऊन नकाशा उघडावा आणि दोन्ही गावे बोट ठेवून शोधावीत, एवढीच विनंती.

जयभीम!