फकिराची तलवार

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहत. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी 1959 सालची, कथा मात्र वारणाकाठची. गावाला जत्रेचा मान देणारी जोगणी आणायला गेलेल्या राणोजीचा शिगावचा बापू खोत जीव घेतो. राणोजीच्या मुलाच्या, फकिराच्या हाती येते ती पिढीजात तलवार. शिवरायांनी पूर्वजाला दिलेली. गावकुसाबाहेरच्या घरात अशी तलवार, इथेच अर्धी सत्ता उलटी होते! आणि सूड? खोत तावडीत सापडतो, तेव्हा फकिरा त्याचा हात तोडतो, पण त्याला जिवंत सोडतो. मला कादंबरीतला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. पुढे तीच तलवार इंग्रजांविरुद्ध उठते. कादंबरीला 1961 मध्ये राज्य पुरस्कार मिळाला. अर्पण मात्र तलवारीला नाही, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला आहे.