मोरचूद, केटी आणि आपली शाळा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. दहा मिनिटांत तुम्हा सगळ्यांना झोप आणायला ते पुरेसं आहे, त्यातून आत्ताच जेवणं झाली आहेत. म्हणून मी कंपनीतल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलते. अनुभवी माणूस निघून जातो, तेव्हा त्याच्याबरोबर नेमकं काय जातं? हा प्रश्न येत्या मे महिन्यात आपल्या शाळेपुढेही येणार आहे.

कंपनीची इमारत, यंत्रं, बँकेतले पैसे हे सगळं ताळेबंदात दिसतं. पण आमच्यासारख्या कंपनीची खरी मिळकत माणसांच्या डोक्यात असते. स्वीडनमधल्या स्कांडिया या विमा कंपनीने १९९१ साली लेइफ एडविन्सन यांना खास ‘बौद्धिक भांडवला’साठी संचालक नेमलं आणि १९९४ च्या वार्षिक अहवालाला या भांडवलाची वेगळी पुरवणी जोडली. त्यांची मांडणी साधी होती. काही भांडवल माणसांत असतं, ते रोज संध्याकाळी घरी जातं. काही मागे कचेरीतच राहतं, म्हणजे कामाच्या पद्धती, नोंदी, संगणक प्रणाली, ग्राहकांशी जुळलेलं नातं. पहिल्यातलं शक्य तेवढं दुसऱ्यात आणून ठेवणं, हे व्यवस्थापनाचं काम.

आमच्याकडे या कामाचं नाव ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. इंजिनिअरिंगला असताना केटी लागली म्हणजे विषय राहिला. कंपनीत केटी झाली म्हणजे ज्ञान पुढच्याला दिलं. दोन्हीकडे काहीतरी राहूनच जातं!

आमच्या टीममधले एक ज्येष्ठ सहकारी नोकरी सोडून गावी परतणार होते. बावीस वर्षं त्यांनी बिलं काढणारी एकच प्रणाली सांभाळली होती. केटीला पंधरा दिवस ठरले. त्यांनी मन लावून सगळं लिहून काढलं. रात्रीचं काम अडकलं तर आधी काय बघायचं, मग काय करायचं, कोणाला फोन करायचा, सगळं. पण त्यांच्या शेजारी बसल्यावर मला दिसलं, की काम अडकलं का याकडे ते फारसं बघतच नाहीत. ते किती वेळात संपलं हे बघतात. चाळीस मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांत संपलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पडद्यावर सगळं हिरवं असायचं आणि ते म्हणायचे, “इतक्या लवकर? फाइल अर्धीच आली असणार.” तसंच निघायचं. हे कागदात का नाही, असं विचारलं तर म्हणाले, “अहो, त्यात काय लिहायचं? दिसतंच की!”

या ‘दिसतंच की’चा विचार ज्याने आयुष्यभर केला, तो माणूस मूळचा स्फटिकांचा अभ्यासक होता. त्याच्याकडे जायला आपल्याला आधी नववीच्या प्रयोगशाळेत जावं लागेल.

मोरचुदाचे स्फटिक आठवतात? दोऱ्याला लहानसा खडा बांधून निळ्या द्रावणात सोडायचा आणि भांड्याला हात लावायचा नाही. सावकाश झालं तर मोठा, धारदार कडांचा स्फटिक. घाई केली तर तळाशी नुसता चुरा. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि निपिंग यांनी क्ष-किरण पहिल्यांदा ज्या स्फटिकातून सोडले, तो मोरचुदाचाच होता. मागच्या काचेवर ठिपके उमटले. आत अणू प्रार्थनेच्या रांगांसारखे शिस्तीत उभे आहेत, याचा तो पुरावा. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी अशा नोंदींवरून अणूंच्या जागा काढायची रीत घालून दिली. १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

पण मग एक कोडं पडलं. रांगा इतक्या पक्क्या असतील, तर धातू प्रत्यक्षात असतात त्याच्या शेकडो पट मजबूत असायला हवेत. तांब्याची तार बोटांनी वाकते कशी? १९३४ साली जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. सगळ्या रांगा पूर्ण नसतात. एखादी मधेच, अर्ध्यावर संपते. स्नेहसंमेलनाची मोठी सतरंजी आपण कशी सरकवायचो, आठवा. ओढली तर हलायची नाही. एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, की एकटा माणूसही सरकवायचा. धातूत ती अर्धी रांग अशीच सरकत जाते, म्हणून धातू न तुटता वाकतो, त्याचा पत्रा होतो, तार होते. तांबट भांडं ठोकतो तेव्हा असे दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि भांडं कडक होतं.

यातले पोलान्यी १९४८ साली मँचेस्टरमधलं रसायनशास्त्राचं प्राध्यापकपद सोडून समाजशास्त्रांकडे वळले. १९६६ साली त्यांचं ‘द टॅसिट डायमेन्शन’ हे पुस्तक आलं. जाणकाराच्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत उतरत नाही, हा त्यांचा विचार. ओळखीचा चेहरा आपण हजारांत ओळखतो, पण कशावरून ते सांगता येत नाही. आज सकाळी फाटकाशी आपण तेच तर करत होतो! तीस वर्षं झाली, केस गेले, चष्मे आले, तरी ओळखलं.

पोलान्यींचे हे दोन विचार मी शेजारी शेजारी ठेवते. नोंदी आणि पद्धती म्हणजे स्फटिकातल्या रांगा. त्या हव्यातच. मुळात रांगच नसेल, तर अर्धी रांग कुठून येणार? पण रोजचं काम वळतं आणि निभतं, ते लिहिलेला नियम संपतो आणि माणसाची जाण सुरू होते त्या जागी.

ही जाण दुसऱ्याला द्यायची कशी? जपानमध्ये १९८५ च्या सुमारास मात्सुशिता कंपनी घरगुती पाव करायचं यंत्र बनवत होती. पाव काही जमेना. त्यांनी यंत्राने मळलेल्या आणि पाववाल्याने मळलेल्या कणकेचे क्ष-किरण फोटोसुद्धा काढून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी इकुको तानाका ही सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकातल्या एका नावाजलेल्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. तो कणीक एका खास तऱ्हेने ताणतो, हे तिने पाहिलं. मग इंजिनिअरांबरोबर वर्षभर खटपट करून तसं ताणणारं यंत्र तयार झालं. इकुजिरो नोनाका यांनी ही हकिगत लिहिली, आणि माझ्या व्यवसायातल्या बाईची म्हणून मला ती विशेष आवडते.

आमच्याकडे मी वेळ मागितला. भांडून सहा आठवडे मिळाले. नवी मुलगी काम करायची, आमचे सहकारी शेजारी गप्प बसायचे. त्यांच्या कपाळाला आठी पडली, की तिने विचारायचं, “काका, काय दिसलं?” त्यातून फाइल पूर्ण आली का हे तपासायची सोय प्रोग्राममध्येच झाली. काही गोष्टी नोंदींत गेल्या, काही कुठेच उतरल्या नाहीत. पण आता आठी त्या मुलीच्या कपाळाला पडते.

आता आपल्या शाळेचं. मे महिन्यात विज्ञानाच्या बाई आणि प्रयोगशाळेतले मामा दोघंही निवृत्त होत आहेत. आपण शिकत होतो तेव्हा ते दोघं नुकतेच लागले होते. माजी विद्यार्थी संघाने बाईंच्या पाठांचं चित्रीकरण करायचं आणि वर्गांना डिजिटल फळे द्यायचे ठरवलं आहे. जरूर करू. माझा त्याला विरोध नाही. पण कॅमेरा बाईंकडे बघेल, आणि बाई शिकवताना बघतात ते वर्गाकडे. ‘समजलं’ म्हणणाऱ्या कोणाला समजलेलं नाही, कोण डबा न खाता बसलंय, हे त्या फळ्याकडे वळता वळता टिपतात. ते चित्रीकरणात येणार नाही. परीक्षानळीतला मोरचूद पांढरा होत आला, की काळा पडायच्या आत मामा ज्योत बाजूला घ्यायचे. कधी घ्यायची हे त्यांच्या डोळ्यांना कळायचं.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या निधीतला काही भाग एका वर्षाच्या मानधनासाठी ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस नव्या शिक्षकांनी शिकवावं आणि बाईंनी मागच्या बाकावर बसावं. मामांनी नव्या परिचराबरोबर प्रयोगशाळेत उभं राहावं. तास संपल्यावर नव्यांनी एवढंच विचारावं, “काय दिसलं?”

दोघांनाही मी आधी विचारलं आहे. मामांनी लगेच हो म्हटलं. बाई म्हणाल्या, “मागच्या बाकावर? तिथे तर तू बसायचीस.” मी तो होकार समजते. पहिल्या तीन महिन्यांचं मानधन मी देते. उरलेल्या नऊ महिन्यांसाठी आज संध्याकाळच्या सभेत हा विषय मांडणार आहे. तुमचं अनुमोदन हवं आहे, आणि जमेल तेवढी वर्गणीही.