शिरेतील गुठळी: धोका कोणाला?

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्यामागे तीन गोष्टी असतात: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. ही त्रयी जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, हाच जागतिक थ्रॉम्बोसिस दिन. समुद्रपूरच्या या परिषदेत डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांचे स्वागत या विषयाने होत आहे, कारण रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोहोचण्याआधी त्याची पहिली विचारपूस गावातच होते.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. अंगणात घसरून खुबा मोडलेली आजी, प्लास्टर घातलेला पाय, पक्षाघात, चार तासांहून लांबचा बसप्रवास, या साऱ्यांत हा पंप थांबतो. अस्तराला इजा होते ती अस्थिभंगात, खुबा-गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत किंवा मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे. गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात ते कर्करोग, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्तातले काही आनुवंशिक दोष. विदर्भात आढळणारा सिकलसेल आजारही त्यांतलाच. उतारवय, लठ्ठपणा, पूर्वी झालेली गुठळी आणि घराण्यातला इतिहास यांनी धोका आणखी वाढतो.

बाळंतिणीत तिन्ही गोष्टी एकत्र येतात. गरोदरपणात रक्त लवकर गोठते, वाढलेले गर्भाशय ओटीपोटातल्या शिरा दाबते आणि प्रसूतीत शिरांना इजा होते. डाव्या पायाच्या मुख्य शिरेवरून उजवी धमनी जात असल्याने सूज बहुधा डाव्या पायाला येते. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे सर्वांत जोखमीचे, आणि नेमका तोच सव्वा महिना घरोघरी बाळंतीण बाजेवर असते. सिझेरियन झाले असेल, तर तिला लवकर उठवून चालवणे अधिकच गरजेचे.

एकेक कारण किरकोळ वाटले, तरी त्यांची बेरीज मोठी होते. म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारावे: किती दिवस अंथरुणावर? नुकतीच शस्त्रक्रिया? कर्करोग? गोळ्या? पूर्वी किंवा घरात कोणाला गुठळी? उत्तरांवरून चालणे, दाबाचे मोजे किंवा रक्त गोठणे रोखणारे हेपॅरिन ठरते. हेपॅरिन देण्यापूर्वी रक्तस्रावाचा धोकाही तपासावा लागतो. एकाच पायाची सूज व दुखणे दिसले, तर सोनोग्राफी करावी. अचानक धाप लागली, तर गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय धरून रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे.