मदत सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि कोरोनामुळे देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. आपल्याकडे सालगडी ठेवायचा, शेत खंडाने द्यायचं-घ्यायचं, ते बहुधा पाडव्याला. वर्षाचा खंड ज्याने मोजला, त्याच्यापुढे आठवडी बाजार बंद, हॉटेलं बंद, देवळं बंद.

दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पॅकेज जाहीर केलं. ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच मिळेल, असं त्यात होतं. हा पैसा महामारीसाठी वेगळा काढलेला नव्हता. वर्षाचे ६,००० रुपये २०१९ पासून मिळतच होते, त्यातलाच हप्ता आधी दिला. तो थेट खात्यात आला, याचं मोल मी कमी करणार नाही. हातात रोकड नसताना दोन हजारांत घरचा किराणा भरतो. पण ही नुकसानीची मदत नव्हे. ज्याचा गहू घरात आला त्याला दोन हजार, ज्याचा भाजीपाला शेतात सडला त्यालाही दोन हजारच.

आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला या हप्त्यातलं काहीच नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे.

लग्नसराई धरून एकरभर झेंडू लावणारा खंडकरी घ्या. खंड आगाऊ दिलेला, रोपं आणि खतं उधारीची. फुलं तोडणीला आली आणि लग्नं थांबली. झेंडू काही साठवून ठेवता येत नाही. मजुरी देऊन तोडायचा आणि बांधावर ओतायचा, नाहीतर उभ्या पिकात रोटाव्हेटर घालायचा. नुकसान सगळं त्याचं. हप्ता मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात.

असं का होतं? खंड तोंडी असतो म्हणून. कागद केला तर कूळ लागेल, ही मालकाची भीती. कूळ कायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने असंख्य कुळांना जमिनीचं मालक केलं, ते न्यायाचंच काम होतं. पण त्यानंतर कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ न देण्याची सवय गावोगाव पक्की झाली.

यावर तोड निघू शकते. अमेरिकेने मे २०२० मध्ये शेतकऱ्यांना कोरोना मदत द्यायला सुरुवात केली. त्या योजनेत दोष होते, बड्या शेतांकडे मोठ्या रकमा गेल्या. पण जमीन कोणाची, यावर तिथे पात्रता ठरत नव्हती. पिकातली जोखीम कोणाची, यावर ठरत होती. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच देशातल्या आंध्र प्रदेशाने २०१९ मध्येच पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. अकरा महिन्यांचा करार, त्यावर कसणाऱ्याला कार्ड, मालकाच्या हक्काला धक्का नाही.

महाराष्ट्राला असा कायदा करणं अवघड नाही. मालकाला मालकीची हमी द्या आणि कसणाऱ्याचं नाव हंगामापुरतं नोंदवा, म्हणजे पुढच्या संकटात मदत योग्य दारी जाईल. तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडे जमिनी आहेत, त्यांना माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत हा ठराव तुम्हीच मांडा. खंडकऱ्याने मांडला तर त्याचं पुढच्या वर्षीचं शेत जाईल.